अभिनवगुप्त चार गुणांपुरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातीच्या बी.ए.च्या गाइडमध्ये परवा रससिद्धान्तावरच्या, म्हणजे नाटक-काव्यातून रसिकाला आस्वाद कसा मिळतो यावरच्या, चार ओळी वाचल्या. भट्ट लोल्लट : उत्पत्तिवाद. श्रीशंकुक : अनुमितिवाद. भट्टनायक : भुक्तिवाद. अभिनवगुप्त : अभिव्यक्तिवाद. खाली चौकटीत ‘चार गुणांसाठी अपेक्षित’. म्हणजे माणशी एक गुण. “आजोबा, हे चौघं एकाच गावचे का?” असे तिने थट्टेने विचारले. मी म्हटले, “बहुतेक हो, काश्मीरचेच.” त्यापुढे काही सांगायला गेलो, पण परीक्षा तोंडावर होती. म्हणून ते आपल्याला लिहितो आहे.

काश्मीरचे शैव तत्त्वज्ञ आणि रसमीमांसक अभिनवगुप्त इ.स. ९५० च्या सुमारास जन्मले. त्यांचे पूर्वज अत्रिगुप्त कनौजच्या बाजूचे. राजा ललितादित्याने त्यांना आणून वितस्तेच्या (झेलमच्या) काठी वसवले. आई विमला लहानपणीच गेली. पुढे लग्न केले नाही, विद्या मात्र मिळेल तिथून घेतली. जालंधरहून आलेल्या शंभुनाथांकडे कौलमार्ग (तांत्रिक साधनेचा एक पंथ), लक्ष्मणगुप्तांकडे प्रत्यभिज्ञा (आपण शिवच आहोत ही ओळख पटवणारे दर्शन), भट्ट तौतांकडे नाट्यशास्त्र. बौद्ध आणि जैन आचार्यांकडेही शिकलो, हे ते स्वतः सांगतात. एवढ्या गुरूंची यादी उघडपणे देणारा शैव आचार्य म्हणून मला ते फार जवळचे वाटतात.

त्यांचा गौरव होतो तेव्हा बोलणे हमखास काश्मीरातल्या बीरवाच्या गुहेवर येते. बाराशे शिष्यांसह भैरवस्तव म्हणत ते गुहेत शिरले आणि परत आलेच नाहीत, ही आख्यायिका. आख्यायिकेला माझी हरकत नाही. तसबिरीला हार घालून, गुहेची गोष्ट सांगून सगळे घरी जातात आणि सदतीस आह्निकांचा (प्रकरणांचा) त्यांचा ‘तंत्रालोक’ हा साधनेचा ग्रंथ कपाटातच राहतो, याला आहे.

दुसरी अडचण आपल्या विद्यापीठी वाटणीची. रसाचे अभिनवगुप्त संस्कृत-मराठी विभागाकडे आणि शिवाद्वैताचे (सारे शिवच आहे या मताचे) अभिनवगुप्त तत्त्वज्ञान विभागाकडे. माणूस एकच होता, हे दोन्हीकडे कोणी सांगत नाही. ‘तंत्रालोका’च्या तिसऱ्या आह्निकात ते म्हणतात की मधुर गीत ऐकताना किंवा चंदनाचा स्पर्श होताना माणसाची उदासीनता गळते आणि हृदयात स्पंदन उठते. तीच आनंदशक्ती, आणि तिच्यामुळेच माणसाला ‘सहृदय’ म्हणतात. साधनेच्या ग्रंथात थेट नाटकाच्या रसिक प्रेक्षकासाठीचा शब्द! शिव ओळखायचा तो ज्या हृदयाने, त्याच हृदयाने शाकुंतल पाहायचे.

शाकुंतलावरून आठवले. दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून मागे पाहत पळणारे हरिण सर्वांना ठाऊक आहे. अभिनवगुप्त विचारतात, तिथे आपल्याला जे भय जाणवते ते कोणाचे? ‘मी भ्यालो’ असे नाही, ‘ते हरिण भ्याले’ असेही नाही. अमक्याचे, अमक्या ठिकाणचे, हे सगळे गळून पडते आणि निखळ भय उरते. त्याची चव म्हणजे भयानक रस. गाइडमधल्या ‘अभिव्यक्तिवाद’ या शब्दामागे हे हरिण पळते आहे, पण ते मुलांना दिसत नाही.

मी सांगलीकर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ केले, हे आम्ही कोणी न विचारताही सांगतो. म्हणून ‘अभिनवभारती’ या अभिनवगुप्तांच्या नाट्यशास्त्रावरील टीकेतला सात रसविघ्नांचा, म्हणजे रसास्वादातल्या अडथळ्यांचा, भाग आमच्याकडच्या प्रत्येक नाट्यमंडळींनी वाचावा असे मला वाटते. पहिले विघ्न म्हणजे पटण्यासारखे नसणे, एक संशयाचे, एक मुख्य काय तेच न कळण्याचे. (स्पर्धेतल्या निम्म्या नाटकांचे परीक्षण इथेच संपावे.) पण तिसरे मला सर्वांत मार्मिक वाटते. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो, तो दुसऱ्याच्या भावनेत कसा रमणार? त्यावर उपाय म्हणून गाणे, वाद्ये, सजवलेला मंडप. त्याने अरसिकही सहृदय होतो, असे ते म्हणतात. दुसरे विघ्न म्हणजे भावना आपलीच किंवा अमक्याचीच असे धरून बसणे; त्यावरचा उपाय म्हणजे पूर्वरंग (नाटकाआधीचे गायन-वादन आणि नांदी), प्रस्तावना आणि नटाचे नटपण झाकणारी वेशभूषा. आपली नांदी, सूत्रधार, ऑर्गनचे सूर हे सगळे उशिरा येणाऱ्यांसाठी वेळ काढणे नव्हे, हे त्यांच्याकडून कळते. तिसऱ्या घंटेनंतर खिशात वाजणाऱ्या मोबाइलला त्यांनी कोणत्या विघ्नात टाकले असते, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत नाही. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे.

लोल्लट, शंकुक आणि भट्टनायक यांचे ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांची मते आपल्याला कळतात ती मुख्यतः अभिनवगुप्तांनी ती सविस्तर मांडली म्हणून. तिघांनाही तपासून झाल्यावर ते म्हणतात, ‘तस्मात् सतामत्र न दूषितानि मतानि तान्येव तु शोधितानि’. सज्जनांची मते मी दूषित केली नाहीत, शोधून शुद्ध केली. आधीच्यांनी विवेकाच्या पायऱ्या रचल्या, म्हणून आपली बुद्धी न थकता वर चढते, असेही त्याच ठिकाणी आहे. पूर्वसूरींचा मान कसा राखावा, हे अभिनवगुप्तांनी असे स्वतः करून दाखवले. त्यांच्या वाट्याला मात्र आपण हार आणि एक गुण दिला.

काश्मीर दूर आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. ‘आणि ज्ञान बंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें । म्हणितलें असे । सदाशिवें’ ही ‘अमृतानुभवा’तली ओवी त्याने पाहावी. काश्मिरी शैवांच्या ज्या शिवसूत्रांवर अभिनवगुप्तांचे शिष्य क्षेमराज यांनी ‘विमर्शिनी’ ही टीका लिहिली, त्यांतलेच ‘ज्ञान हे बंधन’ हे सूत्र. शांत हाही रस मानावा म्हणून अभिनवगुप्त हिरिरीने भांडले आणि ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात ‘शांताचिया घरा’ अद्भुत पाहुणा आला. यांचा थेट सांधा जोडण्याइतका माझा अभ्यास नाही, पण शेजार तरी नजरेस पडतोच.

पोथ्यांचा संबंध तर अगदी घरचा. जर्मन संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी १८७५ मध्ये काश्मीरात फिरून मुंबई सरकारसाठी हस्तलिखिते मिळवली, ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत. त्यांत शैव ग्रंथही आहेत. ‘अभिनवभारती’ मात्र काश्मीरात मिळाली नाही. तिची हस्तलिखिते केरळात सापडली आणि बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९२६ पासून ती छापली गेली. पाठ इतके बिघडलेले, की खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरले तरी त्यांना मूळ पाठ सहज लावता येणार नाही, असे संपादक रामकृष्ण कवींनी म्हटले होते. सातव्या अध्यायावरची बरीचशी आणि आठव्यावरची टीका तर मिळालेलीच नाही.

तेव्हा पुतळे, कमानी, चौकांची नावे नकोत. आपल्या महाविद्यालयांत काश्मीरची जुनी शारदा लिपी शिकवणारे चार वर्ग निघावेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात नट, दिग्दर्शक आणि संस्कृतचे शिक्षक यांनी एकत्र बसून रसविघ्नांचा भाग मराठीतून वाचावा. रा. प. कंगले आणि ग. त्र्यं. देशपांडे यांनी मराठीत त्याची वाट आधीच घालून दिली आहे, त्यांची पुस्तके तालुक्याच्या वाचनालयात हात घातला की मिळावीत. आपल्या रविवार पुरवणीत महिन्याला एक स्तंभ यासाठी ठेवता आला तर पाहावे, ही विनंती.

नातीला मी सांगितले आहे, परीक्षेत गाइडमधलेच लिही. शेवटचा पेपर शुक्रवारी आहे, रविवारी आम्ही हरिणापासून सुरुवात करणार आहोत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली