भिंतीचं काम झाल्यावर बघायला कोण येतं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचलं की इंग्लंडमध्ये गरीब घरांना सरकार फुकटात हीटिंग आणि इन्सुलेशन (म्हणजे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना, छताला लावायचा थर) करून देतं, आणि आपल्याकडे पण अशा योजना यायला हव्यात. राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी मूळची कराडची, सहा वर्षं झाली उत्तर इंग्लंडमध्ये केअररचं काम करते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, औषधं, जेवण बघायचं, दिवसाला आठ-नऊ घरं होतात, त्यामुळे ह्या योजनेतून झालेली कामं रोज डोळ्यासमोर असतात.

योजना हवीच, हे आधी सांगते. इथे गिरणी कामगारांसाठी बांधलेली शंभर-सव्वाशे वर्षांची विटांची घरं आहेत, एकाला एक चिकटून, भिंती भरीव, हीटिंग बंद केलं की थोड्या वेळात खोली गार पडते. ज्यांच्याकडे प्रीपेड मीटर आहे ते दुकानात जाऊन दहा पाउंडाचा टॉप-अप मारणार आणि तो शुक्रवारपर्यंत कसा पुरवायचा ह्याच विचारात असणार. एक आजोबा मला जानेवारीत भर दुपारी कोट आणि लोकरीची टोपी घालून अंथरुणात बसलेले दिसायचे, बोलताना तोंडातून वाफ यायची. त्यांचा घर गरम करणारा बॉयलर बदलला, पोटमाळ्यात इन्सुलेशनचा जाड थर टाकला, आणि पुढच्याच आठवड्यात ते स्वेटरवर खालच्या खोलीत येऊन बसले होते. त्यामुळे योजनाच बंद करा असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण भिंतींचं काय झालंय ते ऐका. माझ्या एका आजीबाईंच्या घराला बाहेरून इन्सुलेशन केलं, म्हणजे विटांवर जाड बोर्ड चिकटवून वरून प्लास्टर. बाहेरून घर एकदम नवं दिसायला लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला म्हणून मी कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी, वॉलपेपरला हात लावला तर तो लगद्यासारखा हातात आला, आणि कपाटात त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा लग्नातला सूट होता त्याच्या खांद्यांवर हिरवट बुरशी. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या सुटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या. नंतर एका जाणकाराने दाखवलं, वर छपराजवळ बोर्डाची कड नीट बंदच केलेली नव्हती आणि खिडकीखाली फट तशीच, पावसाचं पाणी बोर्डामागे शिरायचं आणि तिथून बाहेर यायला वाटच नाही, मग ते विटांतून आत. भिंतीतलं हवा जायचं जाळीचं भोक होतं ते पण बोर्डाखाली बुजवलेलं. आजींच्या छातीत तेव्हापासून घरघर आहे.

मला आधी वाटलं हे एखाद्याच घराचं नशीब. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेचा, अहवाल आला. अलीकडच्या दोन योजनांत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष, म्हणजे २२ ते २३ हजार घरं. आतून केलेल्यांत २९ टक्के. आणि हे पहिल्यांदा घडलंय असं पण नाही, प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास आधीच्या एका योजनेत तीनशेच्या वर घरांना असंच बाहेरून इन्सुलेशन केलं आणि घरोघरी ओल आली, इथे जुन्या लोकांना ते सगळं माहीत आहे. बारा वर्षं गेली तरी तेच.

ह्याचं कारण पैसा कसा फिरतो त्यात आहे असं माझं मत आहे. २०१३ पर्यंत वॉर्म फ्रंट नावाची योजना होती ती टॅक्सच्या पैशातून चालायची. ती बंद झाल्यावर सगळा भार वीज-गॅस कंपन्यांवरच्या बंधनावर आला की तुम्ही ही कामं करून घ्या, आणि तो खर्च सगळ्यांच्या बिलातून वसूल व्हायचा, म्हणजे त्या आजीबाई स्वतः पण त्यात भरायच्या. कंपनी ठेकेदाराला काम द्यायची, तो पोटठेकेदाराला, त्याच्या हाताखाली काम न शिकलेली पोरं. काम झालं की फोटो काढायचे, अपलोड करायचे, सर्टिफिकेट मिळालं की पैसे मोकळे. आजींच्या ठेकेदाराचा फोन आता लागतच नाही.

बुरशी म्हणजे फक्त भिंत खराब होणं नव्हे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० ला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा भाड्याच्या फ्लॅटमधल्या बुरशीमुळे गेला. त्याचं प्रकरण इन्सुलेशनचं नव्हतं, आईवडील तक्रार करत होते आणि कोणी मनावर घेतलं नाही. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, पण तो सुरुवातीला फक्त सोशल हाउसिंगच्या, म्हणजे नगरपालिका किंवा गृहसंस्था कमी भाड्याने देतात त्या घरांना. स्वतःच्या पडक्या घरात राहणाऱ्या आजींनी कुठे जायचं?

आमचे बाबा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे तेव्हा शेवटचा हप्ता कधीच लगेच द्यायचे नाहीत, एक पाऊस जाऊ दे मग ये म्हणायचे, आणि ठेकेदाराला पण ते मान्य असायचं. अख्ख्या कराडला कळतं ते सरकारी योजनेला का कळू नये? एक हिवाळा पूर्ण जाऊ दे, मग ठेकेदाराशी काही संबंध नसलेला माणूस घरात येऊन कपाटं सरकवून भिंतीला हात लावून बघू दे, आणि तोपर्यंत पैशाचा मोठा भाग अडकवून ठेवा. आपल्याकडे योजना आणायची असेल तर आधी हा नियम लिहा मग बाकीचं.

अजून एक, तुमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांची मुलं इथे शिकायला, नोकरीला आहेत, काहींनी जुनी घरं घेतलीत. दारावर येऊन गोड बोलत, सगळं फ्री आहे फक्त इथे सही करा, असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी सही करू नका म्हणावं. काम कोण करणार, गॅरंटी कोणाच्या नावाची आणि ठेकेदार बंद पडला तर दुरुस्ती कोण देणार हे लेखी घ्या म्हणावं.

आजींच्या घरी अजून कोणी आलेलं नाही. मी आणि त्यांची शेजारीण मिळून फोटो आणि तारखा वहीत लिहून ठेवतोय, तक्रार दोनदा पाठवली, तिसरी ह्या सोमवारी पाठवणार आहे.

एक वाचक, मूळ गाव कराड