घाटाचं कारण आता पुरे : रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र

मा. रेल्वेमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडचा. आईची केमो मुंबईला चालू आहे. परवा परत येताना कल्याणला जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोकल धरून कसाऱ्याला आलो. लोकल तिथेच संपते, पुढे नाशिकरोडपर्यंत 65-70 किलोमीटर काळी-पिवळीने. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, ड्रायव्हर म्हणतो मागे चार बसा, आणि केमो घेऊन आलेली बाई मांडीवर पिशवी धरून चौथी बसलेली. घाटाच्या वळणांवर तिला उलट्या सुरू झाल्या, मी एका हाताने तिचं डोकं धरलेलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी. घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी नको नेऊस मला.

कल्याण-नाशिक लोकल येणार, हे तर आम्ही दर निवडणुकीला ऐकतो. मत मागताना येतात, टाळ्या घेतात, नंतर विचारलं की उत्तर एकच, कसारा घाट. 37 फुटाला 1 फूट चढ आहे, लोकल चढत नाही, मेल गाडीलासुद्धा कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावावे लागतात. अहो, हा घाट 1865 पासून तिथेच आहे, काल उगवला का?

जपानचं सांगतो. युद्धात होरपळलेला देश, त्यांच्या कान्साई लाईनवर 40 ला 1 चढ, म्हणजे आपल्यापेक्षा थोडाच कमी. एका इंजिनाचा डिझेल डबा चढावर दमायचा. 1950च्या दशकात त्यांनी काय केलं, एकेका डब्याखाली 160 हॉर्सपॉवरची दोन-दोन इंजिनं बसवली. पहिले नमुन्याचे दोन डबे 22 मीटरचे झाले, ती लांबी स्टेशनातल्या सांध्यांना अडचणीची ठरली, तर पुढचे डबे आखूड केले आणि 1955 पर्यंत गाड्या चालू. अडचण आली म्हणून पॅसेंजरला खाली उतरवलं नाही, डबा बदलला!

आणि जपान कशाला, 10 फेब्रुवारी 2023 पासून शिर्डीची वंदे भारत हाच कसारा घाट बँकर न लावता चढते, कारण 16 पैकी 8 डब्यांना मोटर आहे आणि पार्किंग ब्रेक आहे. म्हणजे तंत्र आहे, कारखाना आपला आहे, रूळ तेच आहेत. फक्त ज्याच्या खिशात हजार रुपये आहेत तो चढतो, आणि पासवाला, पेशंट, भाजीवाली कसाऱ्याला उतरतात. मला याचा भयंकर राग येतो साहेब. घाटात चढण्याइतकाच उतरतानाचा ब्रेक महत्त्वाचा, हे कळतं मला, सेफ्टीत तडजोड करा असं कोणी म्हणत नाही. पण मग तसे ब्रेक लावून साधी गाडी बनवायला कोणी अडवलंय? 2027 च्या सिंहस्थासाठी बैठकांवर बैठका चालल्यात, तेव्हा स्पेशल गाड्या सुटतील, साधू-संत येतील जातील, चांगलंच आहे, पण इथे बारा महिने राहणाऱ्याचं काय? इथे रस्ता असो, दवाखाना असो, सगळीकडे हेच, आधी फोटो मग फाईल आणि मग फाईलीचा पत्ता नाही. नाशिकलाच आईची केमो झाली असती तर मी आईला घेऊन घाट उतरलो तरी असतो का.

मला दोनच गोष्टी लेखी हव्यात. साधी, सगळ्या डब्यांत बसायची, घाट चढणारी गाडी कल्याण-नाशिकरोड कोणत्या तारखेला सुरू होणार. आणि होणार नसेल तर नेमकी कुठली तांत्रिक अडचण, ती मराठीत लिहून स्टेशनवर लावा. आईची पुढची केमो तीन आठवड्यांनी आहे, त्याच्या आत उत्तर द्या.

एक नाशिकरोडकर