ब्राउनेल साहेब, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आदरणीय हर्बर्ट ब्राउनेल साहेब,

तुम्ही १९९६ सालीच गेलात. हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही, आणि मिळालं असतं तरी मराठी तुम्हाला कुठून वाचता येणार! तरी लिहितोय, कारण मेक्सिकोच्या रानात खारं पाणी जात होतं, त्याचा तोडगा अमेरिकेच्या बाजूने तुम्ही काढलात. मीठ फुटलेल्या रानाचं दुःख शिरोळ-वाळव्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि मी तिकडचाच. सध्या नोकरीमुळे मुक्काम अ‍ॅरिझोनातल्या युमाला.

इथून कोलोरॅडो नदी मेक्सिकोत जाते. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला वर्षाला १८५ कोटी घनमीटर पाणी ठरलं, आपल्या हिशेबात साधारण ६५ टीएमसी. १९६१ मध्ये अमेरिकेच्या बाजूला वेल्टन-मोहॉक भागातलं जमिनीखालचं खारं पाणी पंपांनी उपसून नदीत सोडायला लागले. मेक्सिकोला जिथे पाणी मिळतं त्या सीमेवरच्या मोरेलोस धरणावर जे पाणी ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८०० भाग क्षार) आसपास यायचं, ते वर्षअखेरीस अडीच हजारांच्या घरात गेलं. मेक्सिकोतल्या मेक्सिकालीच्या खोऱ्यात पिकं करपली, शेतकरी रस्त्यावर आले.

आणि त्यांना उत्तर काय मिळालं? तहात पाणी किती द्यायचं ते लिहिलंय, कसं द्यायचं ते नाही. शिवाय कुठल्याही स्रोताचं चालेल असंही लिहिलंय! पाहुण्याच्या ताटात मूठभर मीठ ओतायचं आणि वर म्हणायचं, वाढलं ना पोटभर? १९६५ मध्ये खारं पाणी धरणाला वळसा घालून सोडायचा कालवा काढला. पाच वर्षांचा करार, तो संपला की मुदतवाढ. हे असलं काम आम्हाला नवीन नाही.

जून १९७२ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एचेवेरिया यांनी थेट अमेरिकी काँग्रेससमोर गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा कुठे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तोडगा काढायला तुम्हाला नेमलं. तुम्ही आयझेनहॉवर यांचे अ‍ॅटर्नी जनरल राहिलेले. एवढा मोठा वकील तहातली आणखी एक पळवाट काढून देईल, असंच कुणालाही वाटलं असतं. तुम्ही ती काढली नाहीत. ३० ऑगस्ट १९७३ ला ‘मिनिट २४२’ वर, म्हणजे त्या तहाखाली दोन्ही देशांत झालेल्या करारावर, सह्या झाल्या.

बैठका, मसुदे, नदीच्या खोऱ्यातल्या सात अमेरिकी राज्यांची मनधरणी, ते सगळं सोडून देतो. त्यात मुख्य गोष्ट अशी ठरली की मेक्सिकोला मोरेलोसच्या वर मिळणारं पाणी अमेरिकेतल्या इंपीरियल धरणावरच्या पाण्यात जेवढे क्षार असतात त्यापेक्षा सरासरी ११५ पीपीएमहून जास्त खारं नसावं, तीस इकडेतिकडे. म्हणजे मोजमाप अमेरिकेच्या स्वतःच्या शेतकऱ्याच्या पाण्यावरून. खारं पाणी सांता क्लाराच्या दलदलीकडे नेणारा काँक्रीटचा कालवा मेक्सिकोच्या हद्दीतही अमेरिकेच्याच खर्चाने.

पण मला धरून ठेवलं ते कलम वेगळंच आहे. शेवटाकडे एका कोपऱ्यात आहे. मेक्सिकालीच्या जमिनी सुधारायला अमेरिका मदत करेल, त्यातला खारेपणाशी संबंधित भाग परतफेडीशिवाय, आणि त्यात जमिनीखालच्या निचरा पाइपांचाही उल्लेख. उद्यापासून गोडं पाणी सोडतो म्हणणं सोपं. काल जे मीठ रानात जाऊन बसलंय त्याचं काय, हा प्रश्न तुमच्या बाजूने कुणाला तरी पडला!

परवा एका सहकाऱ्याबरोबर त्याच्या काकांच्या रानात गेलो होतो. बांधालगतच्या चरात निचऱ्याच्या पाइपाचं तोंड उघडं होतं, करंगळीएवढी धार पडत होती. तोंडाभोवती पांढरी खरड जमलेली. मी बोटाने खरवडून जिभेला लावली, खारट कडू. वर गहू कमरेला लागत होता. ते पाइप कुणाच्या पैशातले, मी विचारलं नाही. पण तिथे उभ्या उभ्या मला भरून आलं, कारण आमच्या थोरल्या चुलत्यांनी अशाच पाइपांसाठी कचेरीचे उंबरे झिजवले. ‘पाणी जास्त दिलंत तुम्हीच, आता भोगा,’ असं एक साहेब त्यांना तोंडावर म्हणाले होते. चूक कुणाची यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. चूक आपल्याकडून झाली तर आता तिथलं रान कसं दुरुस्त करू, असं विचारणारा लाखात एखादा, मग तो वकील असो, तलाठी असो की शेजारचा बांधकरी.

सगळं गोड झालं असं नाही. खारं पाणी शुद्ध करायचा युमाचा प्रकल्प १९९२ ला तयार झाला आणि त्यानंतर जवळजवळ बंदच. त्या पैशाबद्दल न बोललेलं बरं. तेच नको असलेलं पाणी सांता क्लाराला साचून मात्र हजारो हेक्टरांचं पाणथळ झालंय, त्यात पक्षी राहतात. हे तुमच्या कागदात नव्हतं, तरी तेही तुमच्याच खात्यावर लिहितो.

पलीकडून तुमच्याशी बोलणी करणारे परराष्ट्रमंत्री एमिलिओ राबासा, त्यांचेही आभार. त्यांनी नेट धरला नसता तर हे कलम आलं असतं की नाही, शंकाच आहे.

आपला ऋणी,
शिरोळ तालुक्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा, मुक्काम युमा