तिसरा रकाना

देवरुख,
२१ मार्च

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. पण काल जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला सांगून कळणार नाही. प्रकृती ठीक, गुडघा कुरकुरतो तेवढाच.

देवराईतल्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. कौले उतरवून स्लॅब घालायचा आणि खर्चासाठी राईतलीच काही झाडे विकायची. (कौले गेली तरी कौल राहणारच, हा विनोद खास तुझ्यासाठी.) बैठकीत ठेकेदाराने हिशेबाचा कागद पुढे केला, तर ती माझ्याच यादीची झेरॉक्स! तिसऱ्या रकान्यात मी जमिनीपासून १.३ मीटरवर फीत धरून मोजलेला घेर, आणि त्यापुढे निळ्या पेनाने घनफूट व रुपये. किंजळ, ऐन, शिवाय आपल्या दोघांच्या कवेत न मावलेला तो बेहडाही. २००२च्या जैवविविधता कायद्याचा दाखला देत, पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी मीच ती यादी हौसेने दिली होती.

'तरी सांगत होतो,' असे तू म्हणणार. बॉटनी सोडून मी देवदेव करू लागलो, हा तुझा जुना आरोप मला अजून मान्य नाही. अकरा वर्षे वाळलेली पाने कागदावर चिकटवणाऱ्या मला गुरवाने कौलाशिवाय डहाळी तोडू दिली नाही, देवीचा कौल डावा, म्हणजे नकाराचा, पडला आणि तू परतीच्या एसटीत हसत राहिलास. झाडांच्या नावांपेक्षा ती राखणाऱ्या माणसांचा अभ्यास करावा, असे मला तेव्हापासून वाटू लागले. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात आपल्याकडच्या देवरायांवर केलेले काम मी पुन्हा वाचले, मानकऱ्यांच्या पडवीत बसू लागलो, आणि कौल हीच राईची खरी राखण, असे पुढे लेखांतून ठासून लिहिले.

आता सोमवारी तोडीसाठी त्याच देवीला कौल लावायचा आहे. तो उजवा पडला, तर मी कोणत्या तोंडाने आडवा येऊ?

चिन्मयीच्या निकालाबद्दल अभिनंदन, वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचे काय झाले?

संध्याकाळी गुरव येऊन गेला. म्हणाला, "गाऱ्हाण्यात नेमके काय विचारायचे, ते सर, तुम्हीच लिहून द्या." 'तोडू का' की 'राखू का'? दोन्ही वाक्ये लिहून खोडली आहेत. रविवारी रात्रीच्या गाडीने ये.

तुझा,
बाळू