दत्ता, तुझ्या खात्याची गोष्ट

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला येऊन आता चांगला रुळलो आहे. तब्येत ठणठणीत, गुडघे तेवढे कुरकुरतात. जन्मभर मोजणी खात्यात बांध मोजणाऱ्या माणसालाच सांगावं असं काहीतरी इथे सापडलंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

परवा गाडीने उत्तरेला टोलेडोच्या बाजूला गेलो. शहर मागे पडलं की दोन्हीकडे मका नाहीतर सोयाबीन, आणि साधारण मैलामैलावर काटकोनात फुटणारा रस्ता. ओढा येवो नाहीतर चढ, रेघ वाकायला तयार नाही. जावयाला विचारलं तर म्हणाला, "बाबा, इथे असंच असतं." मग या सरळ रेघा आल्या कुठून, ते घरी येऊन वाचत बसलो.

1783 मध्ये इंग्लंडशी पॅरिसला तह झाला आणि मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख कागदोपत्री अमेरिकेच्या पदरात पडला. तिजोरीत मात्र खडखडाट! काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. सैनिकांचे पगार थकलेले, कर्जरोख्यांना बाजारात कुणी विचारत नव्हतं. विकण्याजोगी एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे पश्चिमेची जमीन. तिच्यावरही व्हर्जिनियासारखी राज्यं जुन्या सनदा दाखवून हक्क सांगत होती. तो हक्क सोडल्याशिवाय आम्ही संघराज्याच्या करारावर सही करणार नाही, असं मेरीलँड 1781 पर्यंत अडून बसलं होतं. हळूहळू त्या राज्यांनी हक्क सोडले आणि जमीन सामाईक झाली. मला तर वाटतं, या तेरा राज्यांना, तेरा भावंडांना, एकत्र धरून ठेवण्यात या सामाईक जमिनीचा वाटा स्वातंत्र्याच्या भाषणांपेक्षा कमी नव्हता.

1785 मध्ये तिच्या मोजणीचा कायदा झाला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा. सोळाव्या नंबरचा भाग शाळेसाठी राखीव. किमान भाव एकरी 1 डॉलर. मोजायची साखळी गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाची, 66 फुटांची. तुझी 33 फुटांची, म्हणजे बरोबर निम्मी. त्यांच्या एका चौरस साखळीत आपले चार गुंठे बसतात. हिशोब करून पाहिला आणि तुझी आठवण आली.

पण फरक बघ. विंगेट-गोल्डस्मिड हे इंग्रज अधिकारी 1835-36 च्या सुमारास इंदापूरला साखळ्या टाकत होते तेव्हा शेत होतं, कसणारा होता. त्यांनी आहे ते मोजून सर्व्हे नंबर दिला आणि शेतसारा ठरवला. इथे नंबर आधी पडला, मालक नंतर शोधायचा. आणि तो मालक गरीब शेतकरी कसा असणार? अख्खा भाग घ्यायचा तर किमान 640 डॉलर. मग मोठे सट्टेवाले पुढे आले. ओहायो कंपनीने 1787 मध्ये सुमारे 15 लाख एकरांचा सौदा केला, तोही त्याच पडेल रोख्यांवर!

गंमत म्हणजे कोलंबसच्या पश्चिमेला, सायोटो नदीपलीकडे, हे चौकोन नाहीत. तो पट्टा व्हर्जिनियाने आपल्या सैनिकांसाठी राखला होता. तिथे ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत अशा हद्दी लिहिल्या गेल्या. पुढे झाड पडलं, ओढा सरकला आणि वकिलांची चंगळ झाली. तुला सांगायला नकोच.

या नव्या मुलखाच्या कारभारासाठी काढलेला 1787 चा वटहुकूम मात्र मला खरोखर मोठा वाटतो. एखाद्या प्रदेशात 60,000 स्वतंत्र लोक झाले की तो जुन्या राज्यांच्या बरोबरीचं राज्य होणार, आणि तिथे गुलामगिरी नाही. नव्या मुलखाला कायम ताबेदार ठेवायचं नाही, हे त्या काळी कुठली राजवट म्हणत होती? त्याच कागदात असंही लिहिलंय की इंडियन, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, लोकांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही. पहिलं वचन पाळलं, दुसरं नाही. शॉनी, मायामी, डेलावेअर या मूळ जमातींना पॅरिसच्या तहाला कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांचे पुढारी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांनी 1791 मध्ये जनरल सेंट क्लेअरचं अमेरिकन सैन्य धुळीला मिळवलं, सहाशेहून जास्त सैनिक पडले. 1794 मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत ते हरले आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा बहुतेक भाग गेला. 1803 मध्ये ओहायो राज्य झालं. त्याच वर्षी अध्यक्ष जेफरसनने दीड कोटी डॉलरला नेपोलियनकडून मिसिसिपीपलीकडचा लुइझियाना मुलूख घेतला, देश जवळजवळ दुप्पट झाला, आणि साखळी पुढे निघाली.

वाटेत अपर सँडस्कीला थांबलो. तिथे वायंडॉट या मूळ जमातीच्या लोकांसाठी 1824 मध्ये बांधलेलं दगडी चर्च आहे. हे लोक ख्रिस्ती झाले, शेती करू लागले, गोऱ्यांनी सांगितलं ते सगळं केलं. तरी 1843 मध्ये त्यांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. ओहायोतून गेलेली ती शेवटची जमात. हे वाचून माझं डोकं तापलं. मुलगी म्हणाली, "बाबा, जेवून घ्या आधी."

आता तुझ्यासाठी एक प्रश्न. उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, म्हणून सहा मैलांची टाउनशिप नीट चौरस बसत नाही. यांनी सगळी घट-वाढ उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या भागांत ढकलायची असा नियम केला. तू असतास तर काय केलं असतंस, ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत