लाटांची वीज: सरासरी आकडा हवा

सागरी संवेदकांना लाटांपासून वीज पुरवणाऱ्या छोट्या जनित्रांविषयीचा लेख वाचला. कल्पना पटते, बॅटरी बदलायला दर वेळी भर समुद्रात बोट पाठवणे फार महाग पडते. मात्र लेखात जनित्राची कमाल शक्तीच दिली आहे. संवेदक चालतो तो सरासरी शक्तीवर. लाट साधारण ५ ते १० सेकंदांनी एकदा येते आणि तिची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची निम्मी झाली की ऊर्जा पावच उरते. त्यात जनित्राची उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेची करणाऱ्या साध्या सिलिकॉन डायोडच्या ब्रिजमध्येच सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात. शांत समुद्रात जनित्राच्या कॉइलचे (तारेच्या वेटोळ्याचे) व्होल्टेज तेवढेही चढले नाही, तर बोया, म्हणजे जनित्र वाहणारा तरंगक, दिवसभर डुलूनही वीज साठवणारा कपॅसिटर रिकामाच राहतो. कमी व्होल्ट खाणाऱ्या शॉट्की प्रकारच्या डायोडने हा तोटा बराच घटतो. फिरता दांडा डब्याबाहेर काढणे तर टाळावेच, कारण सील झिजले की खारे पाणी आत शिरते. लोलक आणि चुंबक बंद डब्यातच हलू द्यावेत. अशा उपकरणांविषयी लिहिताना लाटेची उंची, तिचा आवर्तकाल (दोन लाटांमधला वेळ) आणि बॅटरीत प्रत्यक्ष पोहोचलेले सरासरी मिलिवॉट आवर्जून छापावेत.