पित्ताची गोळी जेवणानंतर घेऊन उपयोग काय?

संपादक महोदय,

भरपेट जेवून छातीत जळजळ सुरू झाली की मेडिकलमधून आणलेली पॅन्टोप्रॅझोलची गोळी गिळायची, ही सवय घरोघरी दिसते. ‘गोळीने गुण येत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांचे चुकते ते इथेच.

पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही एकाच गटातली औषधे. जठरात आम्ल सोडणारे पंप ती बंद पाडतात, पण फक्त चालू असलेले. पंप चालू होतात खाण्यामुळे. म्हणून गोळी सकाळी अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि मग खरोखर खायचे. गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसता चहा ढोसला, तर बरेचसे औषध वाया जाते. पुरता परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. गोळी चावू वा कुटू नये. वरचे आवरण फुटले की पोटातले आम्लच तिला निकामी करते.

लगेच आराम हवा असेल तर अँटासिड जेल बरे. पण थायरॉइडच्या गोळीपासून 4 तास आणि लोहाच्या गोळीपासून किमान 2 तास ते लांब ठेवावे, नाहीतर त्या गोळ्या अंगी लागत नाहीत. पाण्यात फसफसणाऱ्या पुडीत खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम असते. रक्तदाबवाल्यांनी रोज घेऊ नये. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, नंतर तेच आम्ल वाढवते.

मिसळीच्या तिखटाला सगळे बोल लावतात, वरचा तेलाचा तवंग मात्र नामानिराळा राहतो. चरबीमुळे पोट उशिरा रिकामे होते आणि अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप सैलावते. तूप-दाण्याची साबुदाणा खिचडीही त्यातलीच, उपासाची असली म्हणून काय झाले! तंबाखू आणि दारूही झडप ढिली करतात. रात्री जेवण आणि झोप यांत 3 तास हवेत. जास्त उशा घेऊन पोट दुमडते, त्रास वाढतो. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन 15 ते 20 सेंटिमीटर उंची वाढवावी आणि डाव्या कुशीवर झोपावे.

काही महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल उसळून येते. मग लोक समजतात, गोळी जन्माची लागली. ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. घास अडकणे, वजन घटणे, डांबरासारखी काळी शौच, यांवर घरी उपाय करू नयेत. जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर ‘गॅस’ म्हणून न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

खरे तर हे चिठ्ठीवर द्यायचे औषध, पण सर्रास मागेल त्याला मिळते. निदान पाकिटावर ‘न्याहारीआधी अर्धा तास’ एवढे तरी औषध दुकानदारांनी लिहून द्यायला काय हरकत आहे?

– एक फार्मासिस्ट, सातारा